गेलेल्या रोपांची वही : ठाण्यातील एका गच्चीवरचे प्रकरण

ठाण्यात पोखरण रस्ता क्रमांक दोनच्या बाजूला, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या वसाहतीत हे प्रकरण घडले. सात मजल्यांच्या इमारती, त्यांपैकी एकीच्या गच्चीवर वीसेक घरांनी मिळून चालवलेली बाग, ओल्या कचऱ्याचे खत करण्याचे तीन पिंप आणि दर रविवारी सकाळी चहाच्या थर्मासभोवती जमणारी स्वयंसेवक मंडळी, एवढाच या बागेचा संसार आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेल्या दोन काकू, संगणकावर काम करणारा एक तरुण आणि मुरबाडकडच्या गावातून मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी, अशी ही मंडळी. मी पहिल्या वर्षापासून त्यांच्यात आहे आणि पुढे सांगणार आहे त्या चुकीत माझाही वाटा आहे, त्यामुळे हे लिखाण त्रयस्थाचे आहे असे वाचकाने समजू नये.

गटाचा एक उपक्रम मात्र वसाहतीच्या बाहेरही ठाऊक होता. दरवर्षी मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास, म्हणजे ७ किंवा ८ जूनच्या आगेमागे, आम्ही बिया पेरत असू आणि जून संपताना टोमॅटो, मिरची व वांग्याची रोपे घरोघरी फुकट वाटत असू. रोप घेणाऱ्याने त्याचा फोटो काढून सर्वांना दाखवावा एवढीच अपेक्षा असे. दोन पावसाळे हे व्यवस्थित चालले, निदान आम्हांला तसे वाटले. तिसऱ्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, चार दिवस संततधार लागल्यानंतर, गच्चीवर आडोशाला ठेवलेल्या टोमॅटोच्या ट्रेंतील सगळी रोपे एका सकाळी आडवी झालेली आढळली.

त्या ट्रेंचे वर्णन थोडे सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण सगळे प्रकरण त्यातूनच उलगडले. पाने हिरवीच होती, कोठे कीड नव्हती आणि कुरतडल्याच्या खुणाही नव्हत्या. बोटभर उंचीची रोपे मातीला टेकतात त्या जागी, जणू कोणी चिमटीत धरून पिळल्यासारखी, धाग्याएवढी बारीक व तपकिरी झाली होती आणि वरचा भाग स्वतःचे वजन न पेलवून लवला होता. एक रोप उपटले तर ते मुळाशिवाय हातात आले. ट्रेच्या एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरली होती. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनियासारख्या जमिनीतील बुरशी त्याला कारणीभूत असतात आणि माती सतत चिंब राहिली, हवा खेळली नाही, बिया दाटीने पेरल्या गेल्या की त्यांचे फावते.

हे आज लिहिता येते. त्या सकाळी मात्र गच्चीवर पहिला शब्द निघाला तो बियांच्या दुकानदाराविषयी. बी जुने होते, पुडीवरची तारीख खोडलेली होती, पुढच्या वेळी दुसरीकडून घ्यावे, असा निर्णय चहा संपायच्या आत झालाही असता. परंतु त्याच पुडीतील काही बिया शिल्लक होत्या आणि गटातील निवृत्त शास्त्रशिक्षक काकांनी त्या तपासून पाहण्याचा आग्रह धरला. त्यांनी वीस बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातील कपाटात ठेवल्या. आठवडाभराने फडके उघडले तेव्हा सतरा बियांना कोंब आले होते. दुकानदाराची सुटका झाली आणि आम्ही पुन्हा स्वतःकडे पाहू लागलो.

तपासाची पुढची पायरी म्हणजे रोपे नेमकी कोठे वाढवली गेली याची चौकशी. ट्रे तीन ठिकाणी होते. उघड्या गच्चीवरच्या ट्रेतील बियाच पहिल्या जोरदार सरीने एका बाजूला वाहून गेल्या होत्या. लिफ्टच्या यंत्रखोलीलगतच्या छज्जाखाली ठेवलेल्या ट्रेंवर पावसापासून बचाव म्हणून प्लास्टिक घातले होते, आणि तेथेच रोपे कोलमडली. ट्रे सपाट प्लास्टिकवर ठेवल्यामुळे खालची छिद्रे बुजली होती आणि निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेले असल्याने पाणी स्पंजासारखे आत धरून राहिले होते. तिसरा ट्रे एका काकूंच्या पूर्वेकडच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांसाठी अहोरात्र फिरणाऱ्या पंख्याखाली होता. त्यातील रोपे जगली. मात्र तीही लांबुडकी व फिकट झाली, जुलैअखेर कुंडीत गेली, सप्टेंबरात फुलली आणि फुले फळ धरण्याआधीच गळून गेली. जगलेले रोपही काही देत नाही, हे त्या काकूंनी आम्हांला तेव्हाच का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “फुलं आल्याचा फोटो दाखवला होता ना मी. गळाल्याचा काय दाखवायचा?”

या एका वाक्याने गटाचा मागचा सगळा व्यवहार डोळ्यांसमोर आला. आम्ही घरोघर फिरून विचारले तेव्हा कळले की आदल्या दोन्ही वर्षांत बहुतेक रोपे अशीच गेली होती. कोणाला वाटले होते की गावी गेल्यावर कामवाल्या बाईंनी पाणी जास्त घातले. कोणी पावसाळ्यात जिन्यापर्यंत चढून येणाऱ्या मोठ्या गोगलगाईंवर ठपका ठेवला होता. एकाने आपल्या हाताला गुण नाही असे मानून कुंडीच शेजाऱ्याला देऊन टाकली होती. दुसऱ्या वर्षी मी स्वतः एक अख्खा ट्रे, कोणी वर यायच्या आत, खताच्या पिंपात उलटा केला होता. प्रत्येकाने आपापल्या घरातले कारण शोधल्यामुळे सर्वांना लागू पडणारे कारण कोणालाच दिसले नाही. यशाचे फोटो सर्वांपर्यंत जात होते आणि अपयश कचऱ्याच्या डब्यात.

ते समान कारण सांगितले आजींनी. मुरबाडला त्यांचे आयुष्य भाताच्या शेतीत गेले होते. रविवारच्या बैठकीला त्या येत, पिंपातील खत खालीवर करून देत, परंतु चर्चेत बोलत नसत. कोलमडलेला ट्रे पाहून त्या तरुणाला म्हणाल्या, “अरे बाळा, मिरगात टोमॅटो कोण लावतं आपल्याकडं? मिरगात भात, नाहीतर वेल. टोमॅटो हस्त सरताना.” हे आधी का सांगितले नाही, या प्रश्नावर त्यांचे उत्तर सरळ होते : “मला कोणी विचारलं? तुम्ही तर तारखा छापून आणल्या होत्या.”

तारखा खरोखरच छापलेल्या होत्या. तरुणाने मिळवलेले लागवडीचे वेळापत्रक चुकीचेही नव्हते. फक्त ते घाटावरचे होते. जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यात आणि नाशिककडे खरिपाच्या टोमॅटोची रोपे मे-जूनमध्येच तयार होतात व ते पीक उत्तम येते. पुण्यात वर्षभराचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ठाण्यात एकट्या जुलैत त्याहून अधिक पडू शकतो आणि पावसाळ्याची बेरीज दोन हजार मिलिमीटर सहज ओलांडते. शिवाय टोमॅटोला फळ धरण्यासाठी थोड्या गार रात्री लागतात, ज्या कोकणपट्टीत नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच मिळतात. घाटाच्या एका बाजूचा शहाणपणा दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा उतरवता येत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांना तीन हंगाम उमगली नाही, याचे मला अजूनही नवल वाटते. आजींचे गावही येथून दूर नाही, पण ते घाटाच्या खालच्या अंगाला आहे, आणि या बाबतीत तेच महत्त्वाचे.

पुढे काय करावे यावर दोन मते पडली. एक मत असे की आजींना विचारून नवे वेळापत्रक छापावे आणि विषय मिटवावा. शास्त्रशिक्षक काकांना ते पटले नाही. मुरबाडच्या मोकळ्या शेतातील ज्ञान सातव्या मजल्यावरच्या दोन फूट रुंद गॅलरीला कितपत लागू होईल, हेही पाहावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा दाखला दिला. मूळचे गणिताचे असलेल्या दाभोळकरांनी तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांना स्वतःच्या बागेत प्रयोग करण्याची, पाहिलेले टिपून ठेवण्याची आणि ते बरोबरीच्या नात्याने एकमेकांना सांगण्याची सवय लावली होती. आपणही टिपावे, असे ठरले. आणि आजवर जे टिपले गेले नाही तेच आधी टिपावे, अशी भर त्या पंखेवाल्या काकूंनी घातली.

म्हणून दोनशे पानी वही आणली गेली. तिच्यावर कोणीतरी गंमतीने ‘गेलेल्या रोपांची वही’ असे लिहिले आणि तेच नाव रूढ झाले. ती गच्चीच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असते. मेलेल्या किंवा रुसलेल्या प्रत्येक रोपाची नोंद तिच्यात करायची. तारीख, नक्षत्र, कितवा मजला, गॅलरीचे तोंड कोणत्या दिशेला, वर छत आहे की नाही आणि शेवटी रोप कसे दिसत होते. कारण लिहायचे नाही. हा नियम काकांचा आणि तो मला फार मोलाचा वाटतो, कारण कारण लिहिण्याची मुभा दिली असती तर वही पुन्हा गोगलगाई आणि कामवाल्या बाईंनी भरली असती.

पहिल्या वर्षाच्या नोंदींतून अपेक्षित गोष्टी निघाल्याच : नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यामुळे पश्चिम व दक्षिण गॅलऱ्यांत पाऊस थेट आत शिरतो, पूर्वेकडच्या तुलनेने कोरड्या राहतात. अनपेक्षित गोष्ट निघाली ती उत्तरेकडच्या गॅलऱ्यांबाबत. उत्तर गॅलरीत काही येत नाही, असे ठाण्यात बागप्रेमी सर्रास सांगतात व आम्हीही तेच ऐकत आलो होतो. वहीत मात्र जून-जुलैच्या महिन्यांत उत्तर गॅलरीतल्या मृत्यूच्या नोंदी सर्वांत कमी होत्या आणि डिसेंबरात सर्वांत जास्त. एकाच घरात जुलैत दोडक्याचा वेल ग्रिल झाकून टाकत होता आणि त्याच कुंडीतील टोमॅटो डिसेंबरात पिवळा पडून जात होता.

त्याचा उलगडा काकांनी गच्चीवरच्या पाण्याच्या पाइपाची सावली दाखवून केला. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे आणि २१ जूनच्या सुमारास सूर्य साडेतेवीस अंशांपर्यंत उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या दक्षिणेला नव्हे, तर उत्तरेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्या दिवसांत उत्तर गॅलरीला ढगांतून मिळेल तेवढे ऊन थेट मिळते आणि दक्षिण गॅलरी वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते. डिसेंबरात उलट घडते : दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन दक्षिण गॅलरीत खोलवर, थेट दिवाणखान्यातील सोफ्यापर्यंत पोहोचते आणि उत्तरेकडे फिरकतच नाही. सोफा विटतो म्हणून थंडीत पडदे ओढून घेणाऱ्या एका कुटुंबाला आपल्या घरात टोमॅटोसाठी वसाहतीतील सर्वांत उत्तम जागा आहे, हे तेव्हा समजले. आजींच्या नक्षत्राने ‘केव्हा’ सांगितले होते. ‘कोणाच्या घरी’ हे वहीने सांगितले.

त्यानंतरचा टोमॅटोचा प्रयोग थोडक्यात सांगतो. हस्त नक्षत्र सरताना, मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे हे लक्षात ठेवून, छताखाली पेरणी केली. ट्रे विटांवर ठेवले, कोकोपीटमध्ये निम्मे चाळलेले खत व मूठभर वाळू मिसळली, बियांना ट्रायकोडर्मा या रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची भुकटी चोळली आणि दोन बियांमध्ये बोटभर अंतर राखले. माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. चार आठवड्यांनी रोपे फक्त दक्षिणेकडच्या घरांना व गच्चीला दिली. डिसेंबरात फुले आली. सकाळी दहाच्या सुमारास फुलोऱ्याच्या देठाला टिचकी मारायची, म्हणजे पराग झडून फळ धरते, हे मुलांचे आवडते काम झाले. जानेवारीत टोमॅटो लाल झाले. फेब्रुवारीत पिठ्या ढेकूण आला, निंबोळी तेलाच्या फवाऱ्याने आटोक्यात राहिला आणि मार्चच्या उन्हात फुले गळू लागल्यावर वेल उपटून पिंपात टाकले. पीक काही फार नव्हते. घरटी आठवड्याला एक कोशिंबीर, इतकेच.

मला अधिक सांगावेसे वाटते ते जूनच्या रिकाम्या झालेल्या ट्रेंविषयी. टोमॅटो हटल्यावर तेथे काय पेरावे याचे उत्तर आजींकडे तयारच होते : पडवळ, दोडके, घोसाळे, कारले, भेंडी, लाल माठ, आणि कुंडीत हळद व अळू. कोकणच्या पावसाला मानवणारे वाणही उपलब्ध आहेत, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पडवळाचा कोकण श्वेता आणि दोडक्याचा कोकण हरिता हे वाण दिले आहेत. वेल फोफावले, पण पहिल्या वर्षी दोडक्याला फळच धरेना. मादी फुलामागची चिमुकली काकडी दोन दिवसांत पिवळी पडून गळे. वहीत सलग नऊ नोंदी झाल्या, सगळ्या चौथ्या मजल्याच्या वरच्या.

एका संध्याकाळी गॅलरीत कपडे काढायला गेलेल्या काकूंना दोडक्याची फुले उमलताना दिसली आणि आमच्या अज्ञानावर आणखी एक प्रकाश पडला. घोसाळ्याची फुले पहाटे उमलतात. दोडक्याची सायंकाळी, दिवेलागणीच्या आधी. पडवळाचे फूल तर अंधार पडताना उलगडते आणि त्याच्या पाकळ्यांच्या कडांना रेशमाच्या सुट्या धाग्यांसारखी पांढरी झालर असते. ती झालर सकाळपर्यंत आक्रसून ओल्या कापसासारखी दिसते. म्हणून पडवळ लावणाऱ्या कित्येकांनी आपल्याच वेलाचे फूल कधी धड पाहिलेले नसते. रात्री उमलणाऱ्या या फुलांकडे पतंग येतात, आणि ट्यूबलाइट व टीव्हीच्या उजेडात न्हालेल्या सातव्या मजल्यावर ते फारसे पोहोचत नसावेत, असा आमचा तर्क आहे. उपाय सोपा होता. संध्याकाळी नर फूल तोडायचे, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्यातील पराग मादी फुलाच्या मधल्या भागाला अलगद टेकवायचा. नर कोणते व मादी कोणती हे मागच्या चिमुकल्या काकडीवरून ओळखायचे. आठवडाभरात दोडकी लोंबू लागली. पडवळ वाकडे होऊ नये म्हणून आजींनी त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी तो डोक्यात पडेल म्हणून तक्रार केली. दगडाच्या जागी वाळूची पुरचुंडी आली.

या कामामुळे पावसाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आठ-दहा माणसे गच्चीवर जमू लागली, आणि वहीच्या समासात भाजीशी संबंध नसलेल्या नोंदी शिरल्या. जांभळी नाक्याच्या बाजारात शेवळं ही रानभाजी पहिल्यांदा कधी दिसली व तिची खाज घालवणारी काकडं सोबत मिळाली की नाही. रस्त्यावरचा ताम्हण कधी फुलला. येऊरच्या बाजूने नवरंग पक्ष्याची दुहेरी शीळ कोणत्या सकाळी ऐकू आली. पावसाळा सरताना चतुरांचे थवे गच्चीवर कधी घोळू लागले. शिस्तीच्या दृष्टीने काकांना हे आवडले नाही. परंतु छापील तारखांपेक्षा या खुणांवरून पेरणीचा अंदाज बांधणे अधिक सोयीचे ठरते, असे दुसऱ्या वर्षी त्यांनीच मान्य केले. पाऊस लांबतो तेव्हा शेवळंही लांबतात, वेळापत्रक मात्र लांबत नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. नवीन राहायला आलेल्या कुटुंबांना जूनमध्ये टोमॅटोचेच रोप हवे असते व नकार दिला की वाईट वाटते. उत्तर गॅलरीवाल्या एका काकूंनी तर हिवाळ्यात आपल्याला वाटपातून वगळल्याबद्दल अबोला धरला होता. त्यांना गच्चीवरची एक कुंडी नावाने देऊन तो सुटला. आजी गेल्या वैशाखात गावी गेल्या. त्यांच्या हातची नोंद वहीत एकच आहे, तीही नातीकडून लिहून घेतलेली : “हळदीची पानं पातोळ्यांना जास्त तोडली, गड्डे बारीक आले.” नियम मोडून कारण लिहिलेली ती एकमेव नोंद, काकांनी ती खोडली नाही.

कोथिंबिरीचा गुंता अजून सुटलेला नाही. धणे चोळून, दोन डाळिंबी करून पेरले तरी ऑक्टोबरात ती उगवते आणि तीन पानांवर येऊन पिवळी पडते. सहा घरांतून सहा नोंदी आहेत आणि त्यांत दिशा, मजला, छत यांपैकी काहीही समान नाही. समान आहे ते फक्त पिंपाचे खत, तिसऱ्या पिंपाचे. येत्या रविवारी ते पिंप उपसून पाहायचे आहे.